आधी काम, मग तयारी

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या विशेष शाळेतलं मूल 18 वर्षांचं झालं की शाळा संपते. त्या वर्षीचा जून पालकांना फार जड जातो. शेजारच्या घरांत बारावीचा निकाल, सीईटीचे मार्क, कॉलेजचे फॉर्म असं सगळं चाललेलं असतं आणि या घरातला मुलगा नेहमीसारखी आंघोळ उरकून, दप्तर घेऊन, रिक्षाची वाट बघत दारात उभा राहतो. आता शाळा नाही, हे त्याला रोज नव्याने सांगावं लागतं. आधी तो चिडतो, रडतो. मग वाट बघणं सोडून देतो. वर्षा-दोन वर्षांनी असे आईवडील त्याला माझ्याकडे घेऊन येतात, तेव्हा त्याचं वजन वाढलेलं असतं, दुपारी झोप आणि रात्री टीव्ही असा दिवस फिरलेला असतो आणि शाळेत शिकलेलं बरंचसं हातातून निसटून गेलेलं असतं. शर्टाची बटणंसुद्धा पुन्हा आईच लावायला लागलेली असते.

माझं काम या वयानंतरच्या मुलामुलींचं आहे. मुलं म्हणते खरी, पण ती पंचविशी-तिशीतली माणसं आहेत. त्यांना चारचौघांसारख्या ठिकाणी, चारचौघांबरोबर नोकरी लागावी आणि ती टिकावी, एवढ्यासाठी मी नाशिकभर फिरते. अंबड-सातपूरच्या कंपन्या, कॉलेज रोडवरच्या बेकऱ्या, गोळे कॉलनीतली औषधांची होलसेल दुकानं, द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-पिंपळगावकडची पॅकहाऊस. गेटवरच्या वॉचमनपासून मालकापर्यंत सगळ्यांशी बोलते. या कामाला आता जॉब कोच म्हणतात.

नाशिकला या विषयाची जुनी पुण्याई आहे. रजनीताई लिमये यांनी इथे 1977 मध्ये प्रबोधिनी विद्यामंदिर ही अशा मुलांची शाळा सुरू केली. त्यांच्या आणि त्यांच्यासारख्यांच्या चिकाटीमुळे आज शाळेचं महत्त्व कुणाला पटवावं लागत नाही. नोकरीचं मात्र अजून पटवावं लागतं, आणि तेही सगळ्यांना. मालक म्हणतात, "मॅडम, आधी त्याला जरा तयार करा, मग बघू." शिक्षक म्हणतात, अजून तयार नाही. आईवडील तर हमखास म्हणतात. त्या 'तयार'बद्दलच मला लिहायचं आहे, कारण माझ्या डोळ्यांदेखत अनेकांची उमर या तयारीतच गेली आहे.

18 नंतर जायला आपल्याकडे कार्यशाळा असतात. तिथे मेणबत्त्या, पणत्या, कागदी पिशव्या, फाईली, राख्या, उटणं अशी कामं चालतात. या कार्यशाळांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्या नसत्या तर हजारो माणसं चार भिंतींत बसून राहिली असती, आणि ज्यांना खूप आधार लागतो त्यांच्यासाठी आजही ती हक्काची जागा आहे. पण इथे शिकून पुढे बाहेर नोकरीला जायचं, असं म्हणून आलेली माणसं पंधरा-पंधरा वर्षं तिथेच असतात. पणती रंगवायला शिकतात, उत्तम रंगवतात, आणि पुढच्या दिवाळीला पुन्हा पणतीच रंगवतात. पणत्या रंगवायची नोकरी नाशिकमध्ये कोण देणार?

यात कुणाच्या कष्टांची कमतरता नाही. अडचण शिकण्याच्या रीतीत आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला एका ठिकाणी शिकलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी आपोआप वापरता येत नाही. शाळेच्या फिरकीच्या नळावर हात धुवायला पक्का शिकलेला मुलगा मामाकडच्या दाबायच्या नळासमोर थबकतो. तुम्हीआम्ही पाहुण्यांच्या घरी गेलो तरी नळ नळासारखाच चालवतो, त्याला मात्र तो नव्याने शिकावा लागतो. मग कार्यशाळेतल्या शांत टेबलावर, ओळखीच्या ताईंसमोर पाच वर्षं गिरवलेलं पॅकिंग अंबडच्या कंपनीत प्रेसच्या धडधडीत, अनोळखी माणसांत, भोंग्याच्या तालावर कसं येईल? तिथे ते पहिल्यापासून शिकवावंच लागतं. मग तिथेच का सुरुवात करू नये? आधी कामाची जागा शोधायची, माणसाला तिथे उभं करायचं आणि तिथलंच काम तिथेच शिकवायचं.

ही कल्पना माझी नाही. अमेरिकेत 1970 च्या दशकात मार्क गोल्ड नावाचे एक शिक्षक-संशोधक होते. ज्यांना काहीच शिकवता येणार नाही असं ठरवून टाकलं होतं, अशा लोकांना त्यांनी सायकलचा ब्रेक जोडायला शिकवलं. पंधरा सुटे भाग, ठरलेला क्रम, एक भाग उलटा बसला की सगळं बिघडणार. ते फार बोलत नसत, शाबासकीचा माराही करत नसत. कामाची बारीक फोड करायची, भाग क्रमाने मांडायचे, चुकीच्या जागी हात गेला की हलकेच वळवायचा, बरोबर असेल तर गप्प राहायचं. आणि लोक शिकले. माणूस शिकत नसेल तर शिकवायची ताकद आणि युक्ती वाढवायला हवी, ही जबाबदारी त्यांनी शिकवणाऱ्यावर टाकली. पुढे 1980 च्या दशकात आधार देऊन नोकरी करवण्याच्या या पद्धतीला तिथल्या कायद्यातही जागा मिळाली.

आपल्याकडे पालक पहिल्या भेटीला येतात ते प्लास्टिकच्या फाईलमध्ये दिव्यांगत्वाचा दाखला घेऊन. त्यावर टक्के असतात. मध्यम बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला 75 टक्के मिळतात, आणि मालकाने तो कागद पाहिला की त्याला वाटतं, म्हणजे हा पंचवीस टक्केच काम करणार. तो दाखला सवलतींसाठी आहे, नोकरीसाठी त्यातून काहीच कळत नाही. म्हणून मी फाईल बाजूला ठेवते आणि घरी जाते. एकीच्या कपाटात टॉवेलच्या घड्या काठाला काठ लावून ठेवलेल्या असतात. कुणाला कुकरची शिट्टी सहन होत नाही, तो कानावर हात ठेवून आतल्या खोलीत जातो. एक मुलगी येणाऱ्या प्रत्येकाची चप्पल जोडीने भिंतीशी लावत होती, आणि आई ओशाळून तिला दटावत होती. मला तर त्या चपलांत दुकानातलं मांडणीचं काम दिसत होतं.

आता अंबडच्या एका मुलाचं सांगते. सिडकोत राहतो, नाव लिहीत नाही. कंपनी नट-बोल्टची, काम पॅकिंगचं. एका पिशवीत वीस बोल्ट, वीस नट, वीस वॉशर घालायचे, सील करायचं, खोक्यात रचायचं. याला दहापर्यंत आकडे पक्के येतात, बाराच्या पुढे गाडी घसरते. सुपरवायझरांनी रास्तच विचारलं, "मोजता येत नाही त्याला पॅकिंगला कसं घेऊ?"

मी आधी एकटीच जाऊन टेबलाशी उभी राहिले आणि तिथल्या जुन्या कामगाराचे हात बघत बसले. पिशवी उचलण्यापासून खोक्यात ठेवण्यापर्यंत काय काय करतो ते एकेक करून लिहून काढलं. मग याला उभं केलं. बहुतेक पायऱ्या त्याला दाखवल्या दाखवल्या जमल्या. अडलं दोनच ठिकाणी. एक मोजणं, दुसरं सीलिंग. मोजण्यासाठी कंपनीच्या मेंटेनन्सवाल्यांनी भंगारातल्या प्लायच्या तुकड्याला ड्रिलने वीस भोकं पाडून दिली, पाच-पाचच्या चार ओळी. एका भोकात एक बोल्ट उभा करायचा. सगळी भोकं भरली की झाले वीस. मोजायची गरजच उरली नाही. सीलिंगच्या मशिनला पायाचं पेडल होतं. हा पेडल दाबून लगेच सोडायचा आणि पिशवी उघडी राहायची. "थोडा वेळ दाब" या सांगण्याला त्याच्या लेखी काही अर्थ नव्हता, आणि थोडा म्हणजे किती हे मलाही सांगता आलं नसतं. मशिनवर एक छोटा लाल दिवा होता. दाबलं की लागायचा, सील झालं की विझायचा. दिवा विझेपर्यंत पाय काढायचा नाही, एवढंच शिकवलं. त्यानंतर एकही पिशवी उघडी राहिली नाही. वजनकाट्यावर तपासणी व्हायची, त्यातही त्याच्या पिशव्या परत येईनाशा झाल्या.

हे सगळं होताना मी मागे मागे सरकत होते. आधी त्याच्या खांद्याशी, मग टेबलाच्या टोकाला, मग दाराशी, मग कॅन्टीनमध्ये, मग फक्त फोनवर. मागे सरकणं हे या कामातलं सगळ्यात अवघड अंग आहे. ताई बाजूला उभी असेल तोवर माणूस ताईकडेच बघतो, आणि बाकीचे कामगारही त्याला काही सांगायचं असेल तर ताईलाच सांगतात. तो माझा राहतो, त्यांचा होत नाही.

तो त्यांचा झाला चहाच्या सुट्टीमुळे. भोंगा झाला की सगळे उठून जायचे आणि हा बोल्ट लावत बसायचा, कारण 'उठ' असं त्याला कुणी म्हटलेलं नसायचं. शेजारच्या टेबलावर जळगावकडचे एक काका होते, निवृत्तीला आलेले, मोजकं बोलणारे. त्यांनी कुणी न सांगता एक दिवस जाताना याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चल भाऊ, चहा." दुसऱ्या दिवशीही तेच. नंतर तेच त्याला कळवू लागले की आज ऑर्डर बदलली आहे, आज मोठी पिशवी घ्यायची. एकदा लाइनवर माल आला नाही, सगळे निवांत बसले आणि हा घाबराघुबरा होऊन फेऱ्या मारायला लागला. काकांनी त्याच्या हातात फडकं दिलं आणि रिकाम्या बिन, म्हणजे माल ठेवायचे ट्रे, पुसायला सांगितलं. तोच मग नियम झाला. माल नसेल तर बिन पुसायच्या. मी तो एका कार्डावर लिहून, खाली बिनचं चित्र काढून त्याच्या टेबलाला चिकटवला. खरं तर काकांनी माझ्याआधीच काम केलेलं होतं. म्हणून हल्ली कुठल्याही नव्या जागी गेले की मशिनच्या आधी मी माणसं बघते. अशी एक व्यक्ती प्रत्येक ठिकाणी असते. तिला शोधायचं, तिच्याशी नीट बोलायचं, आणि तिच्यावर ओझं टाकायचं नाही.

घर ते कंपनी हा प्रवास हा आणखी एक धडा. शहर बसचा नंबर, चढायचा स्टॉप, उतरायची खूण, पास दाखवणं. तेही खऱ्या बसमध्ये, गर्दीच्या वेळीच शिकवावं लागतं. सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ता खोदला आणि स्टॉप पुढे सरकला, तेव्हा हा जुन्याच जागी उभा राहिला, एकामागून एक बस निघून गेल्या. तेव्हापासून त्याच्या मोबाइलवर पहिल्या बटणाला आई आणि दुसऱ्याला मी आहे. बस आली नाही, तर लाव फोन. हेही बसस्टॉपवर उभं राहूनच शिकवलं.

आईवडिलांची भीती मी कधीही हसण्यावारी नेत नाही. मुलगी असेल तर ती भीती दुप्पट असते आणि ती खरी आहे. कुणी अंगाला हात लावला तर काय करायचं, मोठ्याने 'नाही' कसं म्हणायचं, घरी येऊन कुणाला सांगायचं, हे नोकरीच्या धड्यातच येतं. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या जागी, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे, तक्रार समिती असावीच लागते. ती आहे का, तिच्यात कोण आहे, हे मी मालकाला पहिल्याच भेटीत विचारते. काहींना ते आवडत नाही. न आवडो.

दुसरी भीती पैशांची, आणि ती फारशी बोलली जात नाही. देवळाली आणि नाशिकरोडला लष्करातून, रेल्वेतून, केंद्राच्या नोकरीतून निवृत्त झालेली कितीतरी कुटुंबं आहेत. आईवडिलांच्या माघारी दिव्यांग मुलाला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, पण त्याची स्वतःची कमाई ठरावीक मर्यादेच्या आत असेल तरच. पूर्वी ही मर्यादा महिना 9,000 रुपये आणि त्यावरचा महागाई भत्ता इथेच अडकलेली होती. कुठल्याही बऱ्या नोकरीत माणूस तिच्या पुढे जाणार. मग बाप म्हणायचा, नोकरी आज आहे, उद्या नाही, पेन्शन कायमची आहे, त्याला घरीच राहू दे. त्याचं काय चुकलं? केंद्राने 2021 मध्ये निकष बदलला. आता मुलाचं इतर उत्पन्न त्याला मिळू शकणाऱ्या कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा, म्हणजे शेवटच्या पगाराचे 30 टक्के आणि त्यावरचा महागाई भत्ता यापेक्षा, कमी असेल तर पेन्शन मिळते. ही बातमी अजून कितीतरी घरांत पोचलेली नाही. मी प्रत्येक पालकसभेत ती सांगते. तुमच्या ओळखीत असं घर असेल तर तुम्हीही सांगा.

पगाराबद्दल माझं मत ठाम आहे. काही मालक चांगल्या मनाने म्हणतात, "येऊ दे त्याला, वेळ जाईल, महिन्याला काहीतरी देत जाऊ." मी नको म्हणते. 1948 च्या किमान वेतन कायद्यात तर दिव्यांग कामगारांना त्या कायद्यातून वगळण्याची मुभा सरकारला दिलेली होती, इतका हा विचार मुरलेला आहे. पण वीस बोल्टांची पिशवी कुणीही भरली तरी ती वीस बोल्टांचीच असते, कंपनी ती त्याच भावाने विकते. याचा वेग कमी असेल तर तास कमी ठेवा, कामाची वाटणी बदला, पण केलेल्या कामाचा दर तोच द्या, आणि पैसे त्याच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा करा. खात्यासाठी एका बँकेत आम्हाला बरेच हेलपाटे पडले, सही नीट येत नाही म्हणून. शेवटी काम झालं. ज्यांना व्यवहार अजिबात झेपत नाही त्यांच्यासाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून पालकत्वाचा दाखला मिळतो. पण प्रत्येकाला तो लागतोच असं नाही, आणि गरज नसताना माणसाच्या हातातून सही काढून घेऊ नये.

पगार झाल्यावर अंबडच्या त्या मुलाने पहिलं काय केलं असेल? गणपतीत मंडळाचे कार्यकर्ते वर्गणीला आले तेव्हा त्याने स्वतः दार उघडलं, आतून पैसे आणले आणि पावतीवर वडिलांचं नाव लिहिलं जात होतं तेव्हा बोट ठेवून थांबवलं. त्याला पावती स्वतःच्या नावाची हवी होती. कार्यकर्ते गल्लीतलेच, त्याला लहानपणापासून ओळखणारे, पण त्याचं पूर्ण नाव त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. त्याने ते सावकाश सांगितलं, त्यांनी लिहिलं. वडील हे मला सांगत होते तेव्हा त्यांना मध्येच थांबावं लागलं.

कायदा आपल्या बाजूने आहे, तो वापरायला हवा. 2011 च्या जनगणनेत देशभरात बौद्धिक अक्षमता असलेले सुमारे 15 लाख लोक नोंदले गेले. दिव्यांगांसाठीच्या 1995 च्या कायद्यात नोकरीचं आरक्षण होतं, पण त्यात यांना जागाच नव्हती. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांतलं आरक्षण 4 टक्के केलं आणि त्यातला 1 टक्का बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता अशा गटांना मिळून दिला. मात्र त्या जागांवर जायला लेखी परीक्षेच्या दारातूनच जावं लागतं, आणि दिव्याकडे बघून पेडल सोडणाऱ्या माणसाची हुशारी त्या कागदावर उमटत नाही. खाजगी कंपन्यांना निदान 5 टक्के दिव्यांग माणसं घ्यावीत म्हणून प्रोत्साहन द्यावं, असंही कायदा म्हणतो. कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) दिव्यांग कामगारासाठी पगाराची मर्यादा 21,000 ऐवजी 25,000 रुपये आहे. एचआरच्या लोकांना अशा गोष्टी कागदावर दाखवल्या की बोलणं लवकर पुढे सरकतं.

सगळ्या नोकऱ्या टिकत नाहीत. द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये जानेवारी ते एप्रिल खोकी उभी करायला, पनेट, म्हणजे द्राक्षांचे छोटे डबे, मांडायला आमची माणसं लागतात, मे उजाडला की पुन्हा घरी. एका बेकरीतली चांगली चाललेली नोकरी मॅनेजर बदलल्यावर महिन्याभरात गेली. नव्या मॅनेजरांना कुणी काही सांगितलेलंच नव्हतं, मुलीने ठरलेल्या जागी ठेवलेले ट्रे त्यांनी हलवले, ती गोंधळली, ओरडली. असं झालं की पालक म्हणतात, बघा, आम्ही म्हटलं होतं ना, अजून तयार नाही. पण ती मुलगी आदल्या महिन्यापर्यंत रोज सकाळी खाऱ्या बिस्किटांचे डबे भरत होती. तिच्यात काहीच बदललं नव्हतं. म्हणून नोकरी लागली की काम संपलं असं धरता येत नाही, वर्षानुवर्षं अधूनमधून जाऊन यावं लागतं. याला पैसा कोण देणार, हा आमच्या क्षेत्रातला खरा पेच आहे. अनुदान शाळेला मिळतं, कार्यशाळेला मिळतं, म्हणजे जिथे माणूस बसून राहतो त्या जागेला मिळतं. त्याच्यासोबत कंपनीच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहणाऱ्याचा पगार पालकांच्या वर्गणीतून आणि देणग्यांतून निघतो. त्यामुळे या कामात तरुण शिक्षक टिकत नाहीत, आणि त्यांना मी दोष देत नाही.

सध्या टॉवेलच्या घड्या घालणाऱ्या त्या मुलीसाठी जागा बघते आहे. तिला मिक्सरचा आणि कुकरचा आवाज सोसत नाही, म्हणून स्वयंपाकघरं बाद. मुंबई नाक्याकडच्या एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत परवा बोलून आले. धुलाईची मशिनं वेगळ्या खोलीत आहेत, घड्या घालायची खोली शांत आहे, खिडकीशी लांब टेबल आहे. तिला वाचता येत नाही हे मी आधीच सांगून टाकलं. मोठे, मधले, लहान टॉवेल ओळखायला कप्प्यांवर रंगीत पट्ट्या लावायच्या, हेही ठरलं. मॅनेजरनी विचारलं, "मॅडम, तुम्ही तिच्याबरोबर किती दिवस येणार?" मी म्हटलं, "लागतील तितके. पण आधी त्या टेबलावर काम करणाऱ्या मावशींशी माझी ओळख करून द्या."